कान इथे, हात इथे, डोकं घरी

अख्खं कॉलेज मला मामा म्हणतं. परीक्षा विभागातल्या शिपायाला मामा म्हणायची पद्धत माझ्याही आधीपासूनची, त्यात माझं कौतुक काही नाही. प्राध्यापक मामा म्हणतात, पोरं मामा म्हणतात, माझ्याहून वयाने मोठा असलेला कॅन्टीनवालासुद्धा मामाच म्हणतो. पण खऱ्या नात्याने मला मामा म्हणायचा हक्क त्या आवारात एकाच व्यक्तीला होता आणि तिनेच मला तिथे सगळ्यात जास्त छळलं. ती माझी भाची. आधीच सांगून ठेवतो, मी तिची बाजू घेणार आहे. ज्याला निःपक्षपाती माणूस हवा असेल त्याने दुसरीकडे चौकशी करावी.

तिला मी टाचणी म्हणतो. अंगाने बारीक आणि कुठे टोचेल त्याचा नेम नाही. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे दोघंही एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला. दिवसभर चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. नऊ वर्षांची असताना टाचणी सुट्टीत आमच्याकडे आली होती. तिच्या मामीने तिला सामान आणायला दुकानात नेलं. रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून दुकानदार त्यांना ओलांडून मागच्या गिऱ्हाइकांना माल देत होता. आमच्या बाईसाहेब गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''आधी आजोबा.'' दुकानदार हसला. ती हलली नाही. मागे रांग तुंबली, मामीने दंडाला धरून ओढलं, तरी हलली नाही. आजोबांना साबण मिळाला तेव्हाच बाजूला झाली. मामी घरी आली ती तणतणत, ''तुमच्या बहिणीची लेक तुम्हीच न्या उद्यापासून बाजारात!'' मी तोंडावर वर्तमानपत्र धरून हसत होतो.

बारावीनंतर ती आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्राला आली आणि आमच्याच घरी राहिली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी जे झालं त्याला कारण मीच.

आमच्या कॉलेजात इतिहासाचा एक विद्यार्थी होता. जन्मापासून अंध, देह दांडगा आणि आवाज त्याहून दांडगा. प्रत्येक गोष्टीवर युक्तिवाद करायचा म्हणून पोरं त्याला वकील म्हणायची. त्या काळी आमच्याकडे पद्धत अशी की अंध विद्यार्थ्याने परीक्षेला आपला लेखनिक आपणच आणायचा. तो सांगणार, लेखनिक लिहिणार. लेखनिक आला तर आला, नाही आला तर ज्याचं त्याचं नशीब. एका पेपरला वकिलाचा लेखनिक आलाच नाही. शेजारचा मुलगा येणार होता, तो तापाने फणफणला. पर्यवेक्षक म्हणाले, घरी जा. वकील म्हणाला, ''पेपर तीन तासांचा आहे ना? मी तीन तास बसणार.'' आणि बसला. शेवटी मी त्याची कोरी उत्तरपत्रिका उचलली, बाकीच्यांबरोबर गठ्ठ्यात ठेवली, दाभणाने सुतळी ओवून गठ्ठा शिवला, लाखेचा शिक्का मारला. माझं काम तेच.

रात्रीच्या जेवणाला मी हे सहज सांगितलं. मामी ''अरेरे'' म्हणाली. टाचणीने विचारलं, ''मग तू काय केलंस?''

''मी काय करणार? शिवली गठ्ठ्यात.''

''कोरी? तशीच शिवलीस?''

मला राग आला. म्हटलं, ''उचलली जीभ लावली टाळ्याला! शिपायाने काय पेपर लिहायचा त्याचा?'' तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती नजर बरेच दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वकिलाला शोधून काढलं. दोघांनी मिळून कॉलेजभर फिरून मोजदाद केली. अंध, हात अधू, हाताने लिहू न शकणारे असे एकूण सव्वीस विद्यार्थी निघाले. मी त्या विभागात तेव्हा सत्तावीस वर्षं काढली होती आणि मला हा आकडा माहीत नव्हता. मग टाचणीने लेखनिक गट काढला. साठ-सत्तर मुलामुलींनी नावं दिली. मागणी एवढीच, की लेखनिक पुरवायची जबाबदारी कॉलेजने घ्यावी आणि गटातल्या मुलांना मान्यता द्यावी.

आमचे साहेब म्हणजे परीक्षा विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण ''नियमात बसत नाही'' हे त्यांचं आवडतं वाक्य. अर्ज वाचून ते म्हणाले, बघू, दोन महिन्यांनी या. तेव्हा वकील म्हणाला, ''साहेब, म्हणीतला आंधळा एक डोळा मागतो आणि देव त्याला दोन देतो. आम्ही एक लेखनिक मागितला, तर तुम्ही दोन महिने देताय.'' साहेबांना हसू आलं होतं, मी पाहिलं. पण साहेबच ते, हसू गिळून त्यांनी फाईल बंद केली.

यानंतर पोरांनी जे केलं त्याची आठवण झाली की मला अजून गुदगुल्या होतात. घोषणा नाहीत, फलक नाहीत. एका सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या विभागासमोरच्या कॉरिडॉरमध्ये दोघंदोघं जोडीने येऊन बसले. एक गटातला, एक त्या सव्वीसांपैकी. गटातल्याने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सव्वीस जोड्या, सव्वीस पुस्तकं, सगळे एकदम. संध्याकाळी पाचला उठले. मंगळवारी पुन्हा हजर. असं नऊ दिवस. आत कुणाला काम सुचेना. आमच्या टायपिस्ट बाईंनी एका निकालपत्रात विद्यार्थ्याच्या नावापुढे ''मागणी वाढली की किंमत वाढते'' असं टाइप केलं.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, ''मामा, हलवा त्यांना.'' मी बाहेर गेलो. टाचणी वकिलाला गिरणी कामगारांच्या पहिल्या संपाचा धडा वाचून दाखवत होती. मी खाकरलो. तिने पुस्तकात बोट घालून वर पाहिलं. ''मामा, कॉरिडॉरमध्ये अभ्यास करू नये असा नियम आहे का? असेल तर दाखव, आत्ता उठतो.''

आता नियम शोधणं आलं. दुपारभर मी नियमावली चाळली. धूम्रपान, थुंकणं, पळापळ, सायकली, सगळ्याला बंदी. मी आत जाऊन सांगितलं, ''साहेब, सायकलला मनाई आहे, अभ्यासाला नाही.''

साहेबांनी चष्मा काढला. ''ती पोरगी तुमचीच ना?''

''हो साहेब. सख्खी.''

नोकरी जाईल की राहील हा विचार नंतर आला, ''सख्खी'' आधी तोंडातून गेलं.

दहाव्या दिवशी साहेबांनी वर्षभरासाठी परवानगी दिली, चाचणी म्हणून. दोन अटी. एक, लेखनिकाचा स्वतःचा विषय तो नसावा, म्हणजे इतिहासाच्या पेपरला इतिहासाचा विद्यार्थी चालणार नाही. दुसरी, लेखनिकाबद्दल गैरप्रकाराची एक जरी तक्रार आली, तरी गट त्याच दिवशी बंद.

मग आमच्या घरात दर रविवारी शिकवणी सुरू झाली. टाचणीचा एकच मंत्र: कान इथे, हात इथे, डोकं घरी. समोरचा जे सांगेल ते लिहायचं, बरोबर की चूक हे बघायचं नाही. सांगायचं काम मामीकडे होतं. ती खुर्चीत बसून गंभीरपणे सांगायची, ''मीठ गोड असतं. सूर्य दक्षिणेला उगवतो. माझे यजमान कधीच घोरत नाहीत.'' आणि पोरांनी हे सगळं तसंच लिहायचं. एका हुशार मुलाने ''मीठ खारट'' लिहिलं, तर टाचणीने त्याला दोन आठवडे बाहेर बसवलं. आम्हाला मूलबाळ नाही. त्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नसायची आणि मामी आठवडाभर नवीन थापा जमवत असायची.

सहामाही परीक्षा छान पार पडली. लेखनिकाची एकही जागा रिकामी नाही. मग वार्षिक आली. इतिहासाच्या पेपरला वकिलाच्या लेखनिकाचे वडील आजारी पडले, तो पहाटेच गावाला गेला. टाचणी म्हणाली, मी बसते. ती रसायनशास्त्राची, अटीत बसत होती. तिचा फॉर्म मीच तपासला, मीच शिक्का मारला. कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, की ह्या पोरीने नऊ दिवस त्या कॉरिडॉरमध्ये बसून वकिलाला अख्खं इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवलंय. ज्या नऊ दिवसांनी गट मिळवून दिला त्याच नऊ दिवसांनी तिला त्या पेपरापुरतं निकामी केलं होतं.

संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. अर्ध्यातच थांबली आणि हातात टॉवेल घेऊन आत आली.

''मामा, त्याने सांगितलं की पगार कापले म्हणून संप झाला. मी लिहिलं की कामाचे तास चौदाचे सोळा केले म्हणून झाला.''

''मग?''

''पुस्तकात तासच आहे. पगार नंतर कापले. शेवटची दहा मिनिटं होती, वाचून दाखवायला वेळ नव्हता, माझ्या हाताने आपोआप बरोबर ते लिहिलं. आत्ता लक्षात आलं.''

मला समजायला वेळ लागला, कारण माझ्या हिशोबी उत्तर बरोबर आलं म्हणजे चांगलंच झालं. मग अट आठवली आणि मी दार लोटून घेतलं. स्पष्टच लिहितो, काय बोललो ते. मी म्हटलं, ''झाकली मूठ सव्वा लाखाची. गठ्ठा मी शिवलाय, उद्या तपासायला जाईल. तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? तू बोललीस तर गट बंद होईल, सव्वीस पोरं पुन्हा रस्त्यावर येतील. त्यांचा तरी विचार कर.''

''त्यांचाच करतेय,'' ती म्हणाली. ''पण पेपर त्याचा आहे. त्याला तरी सांगायला हवं.''

सकाळी ती वकिलाला गाठायला कॅन्टीनमध्ये गेली. तिला आवरावं म्हणून मी मागोमाग गेलो, पण पोचेपर्यंत तिचं सांगून झालं होतं. टाचणी म्हणाली, ''चुकलं माझं.''

''तुझं नाही, माझं चुकलं होतं,'' तो म्हणाला. ''तास की पगार, त्यात मी चुकलो होतो. माझी चूक होती ती. तू घेऊन टाकलीस.''

''अरे, मी मुद्दाम नाही...''

''माहीत आहे. मुद्दाम कुणीच करत नाही. लहानपणापासून माझा हात धरून रस्ता ओलांडून देतात, मला पलीकडे जायचंय की नाही हे न विचारता. शाळेत मास्तर म्हणायचे, याला काय नापास करायचं, बिचारा. पहिल्यांदा असा पेपर होता, की ज्यात पास झालो तर मी आणि नापास झालो तर मी. त्यातही तू घुसलीस. तूच!''

टाचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वकिलाने टेबलावर थाप मारली. ''कागद आहे? लिही. तक्रार करायची आहे.''

मी मध्ये पडलो. म्हटलं, ''अरे बाबा, गट बंद होईल. शिवाय तुझे दहा गुण जातील, आधीच काठावर आहेस.''

''मामा, तुम्ही थोडा वेळ बसा,'' तो म्हणाला. ''ती माझी लेखनिक आहे.''

आणि त्या पोरीने लिहिलं. स्वतःविरुद्धची तक्रार, शब्दन् शब्द. ''सदर लेखनिक स्वतःला फार शहाणी समजते,'' तो म्हणाला, तिने ते लिहिलं. ''माझ्या उत्तरावर तिने विनापरवाना उपकार केला,'' तेही लिहिलं. रागाच्या भरात तो म्हणाला, पेपर तीन वाजता संपला. पेपर दोनला संपला होता, घंटा मीच दिली होती. मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि तीन लिहिलं. मग तिने सगळं वाचून दाखवलं. ''तीन वाजता'' हे शब्द आल्यावर वकिलाने तिला थांबवलं.

''दोनला संपला ना?''

ती गप्प.

''दोनच. दोन कर. आता मी सांगतोय, आता कर.''

तिने खोडून दोन केलं. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका वाहिल्या. त्यांच्या आत काय असतं ते त्या कॅन्टीनच्या डागाळलेल्या टेबलावर मला पहिल्यांदा कळलं.

साहेबांनी तक्रार दोनदा वाचली. ''अक्षर कुणाचं?''

''माझं,'' टाचणी म्हणाली.

''तुमच्याविरुद्धची तक्रार तुम्हीच लिहिलीत?''

''दुसरा लेखनिक कुठून आणू साहेब,'' वकील म्हणाला, ''दोन महिने लागतात.'' या वेळी साहेबांना हसू आलं नाही.

निर्णयाला तीन दिवस लागले. ते दिवस वाईट गेले. गटातली मुलं घरी येऊन टाचणीला वाट्टेल ते बोलली आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हात नसलेली एक मुलगी होती, पुढच्या आठवड्यात तिचे दोन पेपर होते. ती फक्त म्हणाली, ''आता माझं काय?'' टाचणीने जेवण टाकलं. मामीने तिला बळेच चार घास भरवले. त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, ''मी तुला गप्प बस म्हणालो, ते माझं चुकलं.'' मामाने भाचीपुढे चूक कबूल करायची आमच्या घरात रीत नव्हती. तिने नुसतं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. ''मामा, किती वर्षं झाली इथे?''

''अठ्ठावीस होतील.''

''गुण वाढवा म्हणून किती अर्ज पाहिलेत?''

''पोती भरतील साहेब.''

''आणि माझे गुण कमी करा म्हणून?''

''हा पहिलाच.''

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्या प्रश्नाचे दहा गुण रद्द. टाचणीला या कॉलेजात पुन्हा कधीही लेखनिक म्हणून बसता येणार नाही. ज्याने विद्यार्थ्याला तो विषय वाचून दाखवलाय त्याने लेखनिक होऊ नये. लिहिलेलं वाचून दाखवण्यासाठी प्रत्येक पेपरला वीस मिनिटं जास्त. आणि गट चालू राहील, कायमचा. साहेब म्हणाले, ''अट मी गैरप्रकार पकडायला घातली होती. या पोरांनी मला पकडायला काही ठेवलंच नाही.'' मी तो कागद घेऊन कॉरिडॉरमधून जवळजवळ पळतच गेलो, आणि पळापळीला तिथे मनाई आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस हवे होते, वकिलाला छत्तीस मिळाले. ते दहा असते तर तो आरामात सुटला असता. त्याचं एक वर्ष लांबलं. टाचणी दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी वकीलच घरी आला आणि दारातून ओरडला, ''रडून झालं असेल तर पुस्तक काढ!''

सहा महिने तिने त्याला रोज वाचून दाखवलं. वाचायला तिला मनाई नव्हती. स्वतःचं रसायनशास्त्र सांभाळून, गटातल्यांची नावं पेपरांना लावून, नवीन मुलांना तयार करून. फेरपरीक्षेला तिला खोलीच्या आत जाता येत नव्हतं. वकिलाची लेखनिक होती गणिताची पहिल्या वर्षाची एक भेदरलेली मुलगी. तीन तास वीस मिनिटं टाचणी बाहेरच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसून होती. मी दोनदा पाणी नेऊन दिलं, तिने दोन्ही वेळा तसंच परत केलं.

निकालाच्या दिवशी यादी मीच फलकावर लावली, पण बघितली नाही. शपथेवर सांगतो, आकड्यांवर तळहात ठेवून चार टाचण्या मारल्या आणि बाजूला झालो. गर्दीतून वाट काढत ती आणि वकील पुढे आले. तिचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

''किती?'' वकिलाने विचारलं.

''एकेचाळीस.''

''आहे तेच सांगतेस ना?''

''आहे तेच.''

एकेचाळीस म्हणजे काठावर पास, तिथे कुणी पेढे वाटत नाही. नव्वदवाले आसपास उभे होते. पण माझी भाची त्या फलकासमोर ज्या ताठ मानेने उभी होती, तिच्या आईने, माझ्या बहिणीने, ते बघायला हवं होतं असं मला फार वाटलं. वकिलाने छाती भरून श्वास घेतला आणि पार कॅन्टीनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ''एकेचाळीस! आणि त्यातला एकही उसना नाही!''